एकच रेघ

"तिसरा प्रश्न. म्हातारा रिकामी होडी का नेतो? तू काय लिहिलंस?" गोपीनाथने काळुरामला विचारलं.

आम्ही ठाण्याच्या मासुंदा तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पेपर संपल्यावर बहुतेक उमेदवार शाळेतून थेट तळ्यावरच आले होते. कुणी पाण्यात पाय सोडून बसलं होतं, कुणी फडक्यातली भाकरी काढून खात होतं. भिवंडीची, पनवेलची, शहापूरची मुलं. एकमेकांची नावं फारशी ठाऊक नव्हती. पण पुण्याहून छापून आलेला पेपर सगळ्यांना एकच होता, त्यामुळे बोलायला ओळख लागत नव्हती.

काळुराम इथलाच, चेंदणीच्या कोळीवाड्यातला. तो म्हणाला, "त्यान लिवायचं काय? म्हातारा सोताच सांगतो. होडी बांधून ठेवली तर फळ्या वाळतान, फटी परतान. म्हनून नेतो."

"एवढंच?"

"मंग आनखी काय? माझ्या बापाला इचार. तो बी हेच सांगल."

"तुझ्या बापाला कुणी परीक्षेला बसवलेलं नाही," गोपीनाथ म्हणाला. "परीक्षकाला बोध लागतो. मी लिहिलं, उद्योगी मनुष्य फळाची आशा न धरता आपलं कर्तव्य करीत राहतो."

"बोध कुठं हाय उताऱ्यात?"

"बोध शोधायचा असतो रे."

"मी लिहिलं, म्हाताऱ्याला वेड लागलंय," पनवेलचा एक मुलगा म्हणाला आणि सगळे हसले. त्याचा चेहरा उतरला. तो थट्टा करत नव्हता.

उतारा छोटाच होता. खाडीवर एक म्हातारा तरीवाला असतो. माणसं अलीकडून पलीकडे नेऊन सोडण्यात त्याचा जन्म गेलेला. मग खाडीवर पूल होतो आणि माणसं पुलावरून जायला लागतात. तरीपण म्हातारा रोज संध्याकाळी रिकामी होडी पलीकडे नेतो आणि परत आणतो. एक वाटसरू त्याला कारण विचारतो. तो फळ्यांचं सांगतो आणि वल्ही मारत निघून जातो. एवढा उतारा आणि त्यावर पाच प्रश्न. उत्तरं आपल्या शब्दांत लिहायची, उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवायची नाहीत.

ही मराठीची सरकारी परीक्षा. ती पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. मी दोनदा बसलो होतो आणि दोन्ही वेळा याच पेपरात नापास झालो होतो. कल्याणहून शिळेकडे जाणाऱ्या वाटेवर एक गाव आहे, तिथल्या शाळेत मी मदतनीस मास्तर होतो, बिऱ्हाड मात्र कल्याणला. शाळा तपासायला येणाऱ्या डिपुटी साहेबांनी पावसाळ्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, यंदा नाही झालं तर शाळा सोडावी लागेल.

माझी मुलगी जना कोपरीला आजीकडे होती. तिची आई गेल्यापासून तिथेच. सासूबाई म्हणाल्या होत्या, "नोकरी कायम झाली की पोर घेऊन जा. मी अडवणार नाही. पण उद्या शाळा सुटली तर तिला घेऊन कुठे फिरणार?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पास झालो तर जना घरी येणार, नाहीतर नाही. हे मला ठाऊक होतं. पेपर लिहितानाही ठाऊक होतं. पण जे ठाऊक असतं त्याची धास्ती वाटायला हवी, तशी ती वाटत नव्हती. समोर कागद होता, हातात टाक होता, मी लिहिलं आणि तास पडायच्या आधीच उठलो.

"मास्तर, तुम्ही काय लिहिलंत?" गोपीनाथने मला विचारलं. मी वयाने मोठा आणि खरोखरच मास्तर, म्हणून सकाळपासून सगळे मला तसंच हाक मारत होते. "तुम्ही तर सगळ्यांच्या आधी उठलात. आम्हाला वाटलं, मास्तरांनी मैदान मारलं."

"फळ्यांचंच लिहिलं," मी म्हणालो.

"तसं नाही. जसं लिहिलंत तसं सांगा. आपल्या शब्दांत."

मी आठवून सांगायला लागलो. "अगं, फळ्यांचं तो सांगण्यापुरतं सांगतो. इतकी वर्षं त्या वेळेला त्याने होडी पलीकडे नेली आहे. पूल झाला म्हणून ती वेळ यायची थांबते का? घरी बसून काय करील? घरी कोण आहे त्याच्या?"

"घरी कोण आहे ते उताऱ्यात कुठे आहे?" गोपीनाथ म्हणाला. "उताऱ्यात नाही ते लिहायचं नाही, मास्तर. पोरांना हेच शिकवता का?"

"ते राहू दे," पनवेलचा मुलगा म्हणाला. "अगं कुणाला? परीक्षकाला?"

आता हसण्याची पाळी त्याची होती. सगळेच हसले. "परीक्षकीणबाई असतील!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आत्ता बोलताना तोंडात आलं असेल," गोपीनाथ म्हणाला. "लिहिलं नाही ना तसं?"

मी कागद डोळ्यांसमोर आणला. उत्तराच्या सुरुवातीला काय होतं ते मला दिसलं.

"लिहिलंय," मी म्हणालो.

मग गोपीनाथने खिशातून घडी घातलेला प्रश्नांचा कागद काढला आणि वरच्या सूचना वाचल्या. परीक्षकास उद्देशून काही लिहू नये, ओळख पटेल अशी खूण करू नये, तसे केल्यास पेपर रद्द होईल. वाचताना त्याचा आवाज बारीक होत गेला.

"पन ह्ये परीक्षकाला नाय ना लिवलं," काळुराम म्हणाला.

"ते परीक्षकाला काय ठाऊक?"

"मंग कुनाला लिवलं, मास्तर?"

"बायको होती," मी म्हणालो. "तिला वाचून दाखवायची सवय होती."

होती म्हटल्यावर पनवेलचा मुलगा पायऱ्या उतरून पाण्याशी गेला आणि तोंड धुऊ लागला.

सगुणाला अक्षरओळख नव्हती. दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा मी तिला सांगितलं होतं, मला वाचता येतं, समजतंही, पण आपल्या शब्दांत लिहा म्हटलं की माझ्याकडे शब्दच नसतात. मी उताऱ्यातलीच वाक्यं उलटसुलट करून लिहीत असे. ती म्हणाली, "मला वाचून दाखवा." मग रोज संध्याकाळी ती सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची आणि मी क्रमिक पुस्तकातला एखादा धडा मोठ्याने वाचायचो. पुस्तकी भाषा आली की तिचा हात थांबायचा. "हे असलं नको. नीट सांगा काय झालं ते." मग मी पुस्तक खाली ठेवायचो आणि सांगायचो, अगं, असं असं झालं. ती म्हणायची, "मग?" मी पुढचं सांगायचो. शेवटी मी विचारायचो, "कळलं का?" ती हो म्हणाली की धडा झाला. नाही म्हणाली की मलाच तो कळलेला नसायचा.

श्रावणात तिला ताप आला आणि त्यातच ती गेली. दिवस झाले, सगळं झालं. जनाला कोपरीला नेऊन सोडलं. शाळा उघडी होती, तेव्हा मी शाळेत जाऊ लागलो. संध्याकाळी पुस्तक काढून धडा वाचायचो आणि मनात सांगायचो. परीक्षा जवळ आली होती, आणि अभ्यासाची दुसरी रीत मला ठाऊक नव्हती.

"उठा मास्तर," काळुराम म्हणाला. "पेपरांचा गठ्ठा आजून शाळंतच आसल. अण्णा लाख लावल्याबिगर उठायचे नाय."

"काय सांगणार त्यांना?"

"जे झालं ते सांगा. हितं बसून काय करता?"

मी उठलो नाही. त्याने माझा दंड धरला आणि उठवलं. गोपीनाथही निघाला. शाळेच्या फाटकापर्यंत दोघं माझ्या दोन बाजूंनी चालत आले. पळून जाईन अशी त्यांना भीती होती की काय, कोण जाणे. फाटकाशी गोपीनाथ म्हणाला, "मास्तर, माझं बोधाचं उत्तर चुकलंय का हो?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तो म्हणाला, "मलाही नाही."

अण्णा विद्याखात्यातले जुने कारकून. मी बसलो त्या तिन्ही वर्षी परीक्षेवर देखरेखीला तेच होते. चष्म्याला एका बाजूने दोरा बांधलेला. ते मेजाशी बसले होते. गठ्ठा कापडात बांधायचा बाकी होता, शेजारी मेणबत्ती पेटवलेली होती आणि हातात लाखेची कांडी होती.

"काय रे? टाक विसरलास का?"

"एक शब्द खोडायचा आहे," मी म्हणालो.

"खोडायचा आहे म्हणे. पेपर हातावेगळा केलास की संपलं. तिसरी खेप ना तुझी? एवढं कळायला हवं."

मी त्यांना सांगितलं. किती नीट सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"उत्तरात अगं लिहिलंस? परीक्षकाला?"

"परीक्षकाला नाही. बायकोला."

"बायको पेपर तपासते का तुझे?"

"तपासायची," मी म्हणालो. "श्रावणात गेली."

अण्णांनी लाखेची कांडी मेजावर ठेवली. मेणबत्ती तशीच जळत होती. बाहेर शिपाई वर्गातली बाकं सरकवत होता, त्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "तास पडायच्या आधी उठलास तू. मी पाहिलं. मनात म्हटलं, हा यंदाही गेला."

मी उभाच होतो.

"म्हणजे तुझी वेळ उरलेली आहे," अण्णा म्हणाले. "आणि लाख लागेपर्यंत गठ्ठा बंद झालेला नसतो. बस."

त्यांनी गठ्ठ्यातून माझा पेपर काढला, पण लगेच माझ्या हातात दिला नाही. आधी स्वतः वाचला. ओठ न हलवता, सावकाश, पहिल्या उत्तरापासून. तिसऱ्यावर ते थांबले, मग पुढे गेले. मग पेपर माझ्यासमोर ठेवला आणि दौत सरकवली.

"माझ्यासमोर खोडायचं. नवीन अक्षर एक घालायचं नाही."

"हो."

"एकच रेघ मार. गिरवून काळं करू नकोस. सरकारी कागदावर खोडलेलं वाचता आलं पाहिजे. नाहीतर काय झाकलं म्हणून संशय येतो."

मला वाटलं होतं, एकाच उत्तरात असेल. प्रत्येक उत्तराची सुरुवात तशीच होती. अगं, पूल झाल्यावर होडीत कोण बसणार. अगं, वाटसरू परगावचा, त्याला कसं ठाऊक असणार. मी टाक बुडवला आणि पहिल्यावर रेघ मारली. रेघ बारीक होती. शब्द तिच्यामागे तसाच दिसत होता.

"पुढचं," अण्णा म्हणाले.

मी पुढचं खोडलं. हात कापत नव्हता. कापायला हवा होता असं मला तेव्हा वाटलं, ते आठवतं. तिसऱ्याला टाक थोडा थांबला आणि शाईचा थेंब पडायला आला, तसा अण्णांनी माझा हात दौतीकडे वळवला. टाक निथळून मी तिसरं खोडलं, मग चौथं, मग पाचवं. टाक खाली ठेवत होतो तेवढ्यात अण्णांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"आणि हे काय आहे?"

शेवटच्या उत्तरापुढे लिहिलेलं होतं, कळलं का?

"परीक्षकाला विचारतोस, कळलं का?" अण्णा म्हणाले. "एकदा कुणीतरी विचारायलाच हवं त्यांना." ते हसले नाहीत. "खोड."

मी ते दोन शब्द खोडले. अण्णांनी डबीतली वाळू शाईवर पसरली, कागद तिरका करून झटकला आणि पेपर होता त्या जागी परत घातला. मग गठ्ठा कापडात बांधला. गाठीवर लाख टपकवली, पितळी शिक्का दाबला आणि लाख गार होईपर्यंत दाबून धरला.

"आता जा," ते म्हणाले. "आणि पुन्हा कधी कुठे परीक्षेला बसलास तर वेळ संपेपर्यंत बसून राहावं."

फाटकाशी गोपीनाथ आणि काळुराम अजून उभे होते. झालं, म्हणून मी सांगितलं. काळुरामने मान हलवली आणि चेंदणीकडे वळला. गोपीनाथ स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर आला, पण वाटेत पेपरातलं काही बोलला नाही.

रूळ ओलांडून कोपरीला गेलो. सासूबाई ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. जना शेजारच्या मुलींबरोबर खेळत होती. तिच्या केसांत आजीने आबोलीची वेणी घातली होती. मला बघून ती आली, माझ्या बोटांवरची शाई बघितली आणि परत खेळायला गेली.

"कसा गेला पेपर, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"लिहिलाय."

"बरा?"

"कळेल फाल्गुनात."

त्यांनी आणखी एक वात वळली. "पास झालात तर तिला विचारू नका, येतेस का म्हणून. सरळ घेऊन जा. ती नाही म्हणाली तर मला बरं वाटेल. आणि मला तसं वाटणं बरं नाही."

मी बरं म्हटलं.

फाल्गुनात कल्याणच्या कचेरीत यादी आली. माझं नाव खालच्या वर्गात होतं, पण होतं. ठाण्याच्या यादीत गोपीनाथ वरच्या वर्गात होता, आणि काळुरामही पास होता असं मागाहून कळलं. त्या म्हाताऱ्याच्या उत्तराला कुणाला किती गुण मिळाले ते कधीच कळलं नाही. तसं कळवत नाहीत. शाळेच्या हेडमास्तरांनी पेढा दिला. तो मी कागदात गुंडाळून कोपरीला नेला.

सासूबाईंनी जनाचे कपडे बांधूनच ठेवले होते. कुणी सांगितलं होतं त्यांना, ठाऊक नाही. त्यांनी जनाला पाटावर बसवून दहीभात खाऊ घातला, तोंड पुसलं आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी जनाला काही विचारलं नाही. ती माझं बोट धरून निघाली. गल्लीच्या टोकाशी तिने एकदा मागे वळून पाहिलं. आजी दारात नव्हती.

कल्याणला आल्यावर जनाने सगळं घर फिरून पाहिलं. वळणीवर सगुणाचं लुगडं होतं तसंच होतं. मी ते काढलेलं नव्हतं. तिने त्याचा पदर हातात घेतला आणि सोडला. मग म्हणाली, "मला भूक लागलीय."

मी तांदूळ काढले. सूप कोनाड्यात उभं होतं, त्यावर धूळ बसली होती. ती झटकली. तांदूळ सुपात घेऊन निवडायला बसलो, तशी तीही समोर येऊन बसली.

"तुम्ही परीक्षेत काय लिहिलंत, बाबा?"

"एका उताऱ्यावर लिहिलं."

"काय होतं त्यात?"

"अगं, एक म्हातारा होता. खाडीवर होडी चालवायचा. लोकांना पलीकडे न्यायचा."

"मग?"

"मग पूल झाला. लोक पुलावरून जायला लागले. पण तो रोज संध्याकाळी होडी न्यायचा."

"रिकामी?"

"रिकामी."

"मग?"

"मग परत यायचा. होडी बांधायचा आणि घरी जायचा."

जना विचार करत होती. सुपातला एक दाणा तिने बोटाने इकडून तिकडे ढकलला.

"घरी कोण असायचं त्याच्या?"

"ते उताऱ्यात नव्हतं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग सुपावर वाकली, एक खडा उचलला आणि बाहेर जमिनीवर ठेवला.